दाखवण्याजोगं घर

जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून श्रीधरनं ते दोनदा ओढून पाहिलं.

"नंदनवन कॉलनीत चोऱ्या वाढल्या वं," तो म्हणाला. "दिवसभर एकटी राहते तू."

जाळीच्या आतून सरिता म्हणाली, "मले इथं गुदमरल्यावानी होते."

चार वर्षांत ती हे पहिल्यांदाच म्हणाली असं नाही. पण त्या दिवशी श्रीधरनं मनावर घेतलं. बायको गुदमरते, म्हणजे घरातच काहीतरी कमी असणार. धंतोलीतल्या आपल्या औषधांच्या एजन्सीत बसून त्यानं दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी दारातूनच जाहीर केलं, "आपण इंटिरियर करू!"

आता सरिताला काय हवंय हे त्याला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणावं? ती शिकलेली लॅब टेक्निशियन. धंतोलीतल्याच एका पॅथॉलॉजीतून तिला दोनदा बोलावणं आलं होतं. तिला जायचं होतं, जीव तोडून जायचं होतं. पण श्रीधरच्या बायकोनं श्रीधरच्याच गल्लीत लोकांचं रक्त काढत बसायचं? छे! त्यापेक्षा सोफा घे, झुंबर घे. घरातल्या घरात पाहिजे तेवढी हौस कर, श्रीधर कधी नाही म्हणालाय?

तिचा मोबाइल तो रोज तपासायचा. त्यात आता इंटिरियर डिझायनरांची कामंच कामं दिसू लागली. कुठं वेताचा झोपाळा टांगलेली बाल्कनी, कुठं भिंतीत बसवलेली पुस्तकं, कुठं उघड्या खिडकीशी ठेवलेली नुसती एक खुर्ची. त्या खुर्चीचा फोटो तिनं तीनदा जपून ठेवला होता. श्रीधरला बरं वाटलं. गुणाची बायको, घराबाहेरचं काही पाहतच नाही.

त्या डिझायनरांतलीच एक सोनिका, नागपूरचीच. ती आली, घरभर फिरली, मापं घेतली आणि कुलपाकडे पाहत म्हणाली, "भाऊ, सुतार येतील, जातील. एक चाबी मले द्या."

श्रीधर जरा घुटमळला. पण बाईमाणूस होती, आणि हॉलमध्ये कॅमेरा तर होताच. दिली त्यानं चाबी.

तीन महिने घरात ठोकाठोक चालली. काम संपत आलं तसे सोनिकानं फोटो काढून आपल्या ऑनलाइन पानावर टाकले. मग लोक घर पाहायला येऊ लागले. केलेलं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी नवं काम देत नाही, असं ती म्हणाली. एजन्सीत बसल्या बसल्या श्रीधर मोबाइलवर पाहायचा, कोण कपाटं उघडतंय, कोण भिंतीवरून हात फिरवतंय. एक जोडपं तर दोनदा आलं. त्याची छाती फुगली. शेजारच्या दुकानदारालाही त्यानं ते दाखवलं.

शेवटी पडदे तेवढे राहिले. त्यासाठी सोनिका मंगळवारी सरिताला बाजारात घेऊन गेली. निघताना फोन, पोचल्यावर फोन, असा हुकूम होता. सरितानं तो पाळला. परत आली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई होती.

"हे काय वं?"

"कापडाचा रंग सुटला."

"मंग ते कापड घेऊ नको! एका धुण्यात पोतेरं होऊन जाईल त्याचं."

सरिता हसली. लग्नानंतर इतकी मोकळी ती कधी हसली नव्हती. मानवलं बुवा इंटिरियर, श्रीधर मनात म्हणाला.

रविवारी पाचच्या सुमारास सोनिका त्याच जोडप्याला घेऊन आली. धम्मानंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनियर, बायको रोशनी शाळेत शिक्षिका.

"आजपर्यंत क्वार्टरमध्येच राहिलो, भाऊ," धम्मानंद म्हणाला. "भिंतीले खिळा ठोकायचा तरी परवानगी लागे."

"मंग एकदम बरोबर जागी आले तुम्ही! पाहा, निवांत पाहा."

सरिता बाहेर आली. खांद्यावर कापडाच्या नमुन्यांची फुगलेली पिशवी होती. "कुंड्या खाली गाडीतच राहिल्या. सोनिकासंग जाऊन येते."

पाहुण्यांपुढे किती वेळ लागेल म्हणून विचारणं बरं दिसलं नसतं. श्रीधरनं हात हलवला, "जा, जा."

मग काय, गडी रंगातच आला. स्वयंपाकघराचे खण ओढून दाखवले, माळा दाखवला, बाल्कनीचा झोपाळा हलवून दाखवला. रोशनीनं प्रत्येक दार स्वतः उघडून पाहिलं.

"हे कपाट भिंतीतच पक्कं आहे ना?" तिनं विचारलं.

"पक्कं म्हणजे? वीस वर्षं हलत नाही!" श्रीधर म्हणाला. "अन् सांगतो तुम्हाले, रजिस्ट्रीसुद्धा बायकोच्या एकटीच्या नावानं. बाईच्या नावानं केली की सरकार सूट देते, ते सोडा. पण असा नवरा दाखवा मले कुठं!"

पैसा सासऱ्याचा होता, तेवढं त्यानं सांगितलं नाही.

"माहीत आहे आम्हाले," रोशनी म्हणाली. सोनिकानं सांगितलं असेल, श्रीधरला वाटलं. कौतुक पसरतंच.

अर्धा तास झाला. कुंड्या काही वर येईनात. त्यानं सरिताला फोन लावला, तर तो बेडरूममध्येच वाजला. "काय विसराळू बाई आहे!" तो हसत म्हणाला. "बसा हो तुम्ही, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

दोघं नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागले. धम्मानंदनं घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि फार संकोचून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. सरिता मॅडम आम्हाले चाब्या देऊन गेल्या, सहा वाजता ताबा घ्या म्हणे. तुमचं सामान न्यायले गाडी काहून नाही आली अजून?"