दुर्बिणीतली चांगुणा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि वाढत्या शहराभोवतीच्या वळणरस्त्याची आखणी व्यंकटरावांकडे होती. एका पुढाऱ्याचा ऊस वाचावा म्हणून त्यांनी रेघ जरा सरकवली, ती चांगुणा नावाच्या शेतकरी बाईच्या विहिरीवरून गेली.

"मी हितंच हुबी ऱ्हाईन, सायेब. रस्ता माझ्यावरून न्या," ती म्हणाली होती.

ऐन दुष्काळात विहीर बुजवली. लांबून पाणी आणताना चांगुणा उन्हात कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही.

महिन्याभराने भर दुपारी व्यंकटरावांनी मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसे. समोर मोजणीची पट्टी धरलेला त्यांचा मदतनीस मलप्पा खाली डोकं वर पाय असा दिसला. त्याच्या शेजारी घागर घेतलेली एक बाई मात्र सरळ उभी होती.

"मलप्पा, तुझ्याजवळ कोण आहे रे?"

"कोन बी न्हाई, सायेब. ऊन लागलं का काय तुमाला?"

भिंग पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मलप्पाला मागे टाकून चांगुणा त्यांच्याकडे चालत येत होती.

त्यांनी झटकन डोळा काढला.

समोरची बाभळ आभाळातून खाली लोंबत होती. मलप्पा, जीप, रस्त्याच्या खुंट्या, सगळं उलटं होतं. हातभर अंतरावर सरळ उभी होती ती एकटी चांगुणा, रिकामी घागर त्यांच्यापुढे धरून.