चौथा प्रश्न

इतिहासाचे पहिले सहा पेपर जवळजवळ कोरे निघाले, तेव्हा स्लावित्साबाईंनी नववीच्या पोरांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. सातवा पेपर उलटताना त्यांचं लक्ष प्रश्नांकडे गेलं. प्रश्न त्यांचे नव्हतेच.

बोस्नियातल्या त्या गावात एका छपराखाली दोन शाळा होत्या. डाव्या जिन्याने क्रोएट मुलं चढायची, उजव्या जिन्याने बोस्नियाक, म्हणजे मुस्लिम. नव्वदच्या दशकातल्या युद्धात या दोन्ही बाजू एकमेकांविरुद्ध लढल्या होत्या. घंटा दोन, मुख्याध्यापक दोन, इतिहासाची पुस्तकंही दोन. कॉप्या काढायचं मशीन मात्र एकच, कारण दुसरं वर्षभर बंद पडून होतं. सकाळी त्यावर दोन गठ्ठे शेजारी शेजारी पडले होते आणि बाईंनी घाईघाईत पलीकडच्या, बोस्नियाक शाळेतल्या रेमझियाबाईंचा उचलला होता.

वर्गात एका मुलाने हात वर केलाही होता. "बाई, हे पुस्तकात नाहीये."

"पुस्तक उघडलं असतंस तर दिसलं असतं," असं म्हणून बाईंनी मान वर न करताच त्याला गप्प केलं होतं.

ते आठवून बाईंना आता हसू आलं. कॉफीचा घोट घेत त्या पलीकडचे प्रश्न वाचू लागल्या. चौथा होता, 'त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात आपल्या गावातल्या पुरुषांना कुठे कोंडून ठेवलं होतं?'

'आपल्या' म्हणजे पलीकडच्यांच्या, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. बहुतेक मुलांनी ही जागा मोकळी सोडली होती. एकाने 'असं काही झालेलंच नाही' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पेत्राने मात्र आपल्या सुबक अक्षरात उत्तर लिहिलं होतं.

'आपल्या शाळेत, खालच्या व्यायामशाळेत. दारावर माझे आजोबा उभे असायचे. चावी आमच्या बाईंच्या बाबांकडे असायची.'

बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

बाबा तीस वर्षं या शाळेचे शिपाई होते. त्या उन्हाळ्यात शाळा बंद होती. "निर्वासित आलेत गं, आपल्याच लोकांचे हाल झालेत," असं ते सांगायचे. आई रोज परातभर कणीक मळून पाव भाजायची आणि बारा वर्षांची स्लावित्सा टोपली घेऊन फाटकापर्यंत जायची. फाटकाच्या आत बाबांनी तिला कधी येऊ दिलं नाही. त्या पावांचा अभिमान बाईंना अजून होता. त्याच अभिमानाने त्यांनी स्वतःच्या पेपरात चौथा प्रश्न घातला होता, 'त्या उन्हाळ्यात आपल्या शाळेने कोणाला आसरा दिला?'

दार वाजलं. बाईंनी पेत्राचा पेपर हजेरीपटाखाली सरकवला. रेमझियाबाई गठ्ठा घेऊन आत आल्या. वीस वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदाच येत होत्या.

"गठ्ठे बदललेत," त्या म्हणाल्या.

"हो. आत्ताच बघितलं. बसा ना."

रेमझियाबाई बसल्या नाहीत. "तुमचा चौथा प्रश्न. कोणाला आसरा दिला. माझ्या सगळ्या मुलांनी सोडवलाय. प्रत्येकाने घरातलं एकेक नाव लिहिलंय."

त्यांनी वरचे चारपाच पेपर टेबलावर पसरले. हासिबआजोबा. मोठे काका. आईचे बाबा. पुढचं स्लावित्साबाईंना वाचवेना.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना फार बारीक वाटला. "लहान होते हो मी. पाव पोचवायचे."

"पाव मिळायचा. माझ्या भावाने चिठ्ठी पाठवली होती, पाव चांगला असतो म्हणून."

स्लावित्साबाईंनी हजेरीपटाखालचा पेपर काढला आणि पुढे केला. रेमझियाबाईंनी तो दोनदा वाचला.

"वडील आहेत अजून?"

"आहेत."

"सगळं आठवतं त्यांना?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

"मग त्यांना एकच विचारा. ऑगस्टमध्ये एका पहाटे अकरा जणांना त्या दारातून बाहेर काढलं. माझा तो भाऊ, एसाद, त्यांच्यात होता. पुढे कुठे नेलं, ते माझ्याही पुस्तकात नाही."

तेवढ्यात पेत्रा दारात आली, पायात खेळाचे बूट घालून. "बाई, चावी द्या ना. आमचा खेळाचा तास आहे."

व्यायामशाळा डाव्या जिन्याच्या वाट्याला आली होती आणि तिची चावी बाईंच्या खणात असायची. निवृत्त होताना बाबांनीच ती मुलीच्या हाती दिली होती, आपल्या चामडी पट्ट्यासकट. बाईंनी खण उघडला. पेत्राला रेमझियाबाईंच्या हातात आपला पेपर दिसला.

"बाई, माझा चौथा बरोबर आला का? पुस्तकात नव्हता, पण मला येत होता."

'चूक' म्हटलं असतं, तर पेपर कचऱ्याच्या टोपलीत गेला असता, आणि बाबा आज दुपारी नेहमीसारखे सुखाने सूप पीत बसले असते. रेमझियाबाई बघत होत्या.

"बरोबर आहे," स्लावित्साबाई म्हणाल्या. "पूर्ण गुण."

पेत्रा खुशीत चावी घेऊन पळाली.

"संध्याकाळी विचारते त्यांना," बाई म्हणाल्या.

रेमझियाबाईंनी मान डोलावली. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला, मागोमाग पोरांचा गलका, आणि लाकडी जमिनीवर चेंडू आपटू लागला. दोघी तो ऐकत उभ्या राहिल्या.