नारूची पाटी

दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयात शिपायाने 'नारू निर्मूलन कक्ष' ही पाटी दारावरून उतरवली, आणि कक्षप्रमुख वसुमतीताईंनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

मग त्यांनी गावी आईला फोन लावला. "आई, माझं खातं बंद झालं."

"अगं बाई! एवढी शिकली-सवरलीस, नि नोकरी घालवलीस?"

"नोकरी नाही गं, नारू गेला. देशात एकही रोगी उरला नाही. आता कक्ष हवाय कशाला?"

पूर्वी गावच्या विहिरीच्या पाण्यातून झालेल्या नारूचा जंत आईच्या पायातून दोऱ्यासारखा निघाला, तेव्हा लहानग्या वसुमतीनेच तो काडीला गुंडाळला होता. पाय कायमचा अधू झाला.

"ती पाटी टाकू नकोस," आई कडाडली. "इकडे घेऊन ये. लंगडत का होईना, त्या विहिरीवर माझ्या हातानं ठोकते!"