आजोबांची मूठ

फादरांनी डोक्यावर बाप्तिस्म्याचं गार पाणी ओतलं, तसा तान्ह्यानं टाहो फोडला. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या.

"अगदी आजोबांवर गेलाय हो पोर!" आत्या कौतुकानं म्हणाली.

बाळाचा बाप इनास त्या मुठींकडे बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या बापाच्या अशाच मुठीनं आईचा दात पाडला होता. तेच रक्त लेकरात उतरलं असेल तर?

"जन्मासोबत आलेलं मूळपाप धुतलं गेलं," फादर हसून म्हणाले. "आता निर्धास्त राहा."

बाळाला पांढरं वस्त्र पांघरलं. रडणं थांबलं, मुठी सैलावल्या. इनासचा जीव भांड्यात पडला. शेजारी थोरली लेक बाप्तिस्म्याची मेणबत्ती सांभाळत उभी होती. मायेनं तिच्या डोक्यावरून फिरवायला त्यानं हात उचलला.

लेकीनं मान आत ओढली आणि डोळे गच्च मिटून घेतले.