दांडीवरचं बटण

अपघातात माझ्या लेकीचा उजवा अंगठा लुळा पडला. तो पुन्हा हलावा म्हणून डॉक्टरांनी तिला हातात धरून खेळायचा गेम दिला. पण अंगठ्याने फिरवायची त्याची दांडी एवढीशी आणि गुळगुळीत, अंगठा सारखा निसटायचा.

मी दांडीवर कोटाचं मोठं बटण चिकटवलं, भोवती जाड दोरा गुंडाळला.

"सासूबाई, मशीन आहे ते, उशीचा अभ्रा नव्हे," जावई हसला.

"तुमच्या शर्टाची बटणंही मीच लावते. गप्प बसा."

दुपारी लेक आत पडली होती. गेम माझ्या मांडीवर होता, बंद. दांडीवरचं बटण हळूच डावीकडे कललं, मग उजवीकडे. असल्या गोष्टींना भीक घालणारी बाई मी नाही. बघत राहिले.

"आई!" आतून लेक ओरडली. "अंगठा हलतोय गं! डावीकडे गेला, आता उजवीकडे!"

ती हसत होती आणि रडतही होती. जावई आत धावला.

मी बटणावर बोट दाबून धरलं.

"थांबला," ती म्हणाली. "आई, थांबला गं."

बटणाखालून माझ्या बोटाला कुणीतरी रेटत होतं.