मागच्या दारानं आलेलं मत

विजयाची मिरवणूक इंदुताई ढवळ्यांच्या दारापुढं मुद्दाम थांबवली गेली. अख्ख्या गावात विरोधी पक्षाचा झेंडा याच एका घरावर होता. डीजेचा आवाज वाढला, गुलाल ओसरीपर्यंत उधळला गेला. सगळ्यांत पुढं शेजारचे नामदेव कापसे नाचत होते. ताईंकडं बघून त्यांनी शिट्टीसुद्धा मारली. ताई खुर्चीतून हलल्या नाहीत.

मिरवणूक पुढं पारापाशी जाऊन विसावली, तशी मागच्या दाराची कडी वाजली. ताईंनी दार उघडलं, तसे गुलालानं माखलेले नामदेवभाऊ आत शिरले आणि त्यांनी पेढे ताईंच्या हातात ठेवले.

"मनावर घेऊ नका, ताई. घरातली सगळी मतं तुमच्याच पक्षाला दिलीत. पण नाचावं लागतं हो! सुनेची अंगणवाडीतली नोकरी त्यांच्या हातात आहे."

शिट्टीनं आला नव्हता एवढा संताप ताईंना या कुजबुजीनं आला.

"भाऊ, गावात आमच्या पक्षाला एकोणीस मतं पडली. 'मत तुम्हालाच दिलं' असं याच दारातून सांगून गेलेले मात्र काल निकाल लागल्यापासून चाळीस तरी झाले. म्हणजे तुम्ही लोक तिकडंही खोटं नाचता आणि इकडंही खोटं रडता."

भाऊ जायला वळले. ताईंनी पुढं होऊन मागच्या दाराला आतून कडी घातली.

"आता पुढच्या दारानं जा. सगळ्यांदेखत."

भाऊ बिचकत ओसरीवर आले. पारावरच्या माना वळल्या, तशी त्यांनी घाईघाईनं मूठ वर केली आणि नव्या आमदाराच्या नावानं घसा फोडून घोषणा दिली.

ताईंनी पेढे त्यांच्यामागं अंगणात भिरकावले.