वारसाचं आभाळ

वहिनीच्या अंगठ्याच्या नखाखाली जेमतेम मिलिमीटरभर निळी रेघ होती. ती पाहताच नणंदेचा जळफळाट झाला. बाबा जुने किल्ले रंगवत. चित्रातल्या दगडांना कुणीही हात लावावा; आभाळ मात्र घराण्याच्या वारसानंच भरायचं, ही आजोबांपासूनची रीत. वीस वर्षं स्टुडिओच्या भिंतींची ओल तिनं पुसली, ब्रश तिनं धुतले, कॅनव्हास तिनं ताणले. आणि परवा लग्न होऊन आलेल्या वहिनीला आभाळ? "बाबा, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?" बाबांनी चष्मा काढला. "अगं, तिनं मागितलं. तू कधी तोंड उघडलंस?" "ताई, एक कोपराच भरलाय," वहिनी ओशाळून म्हणाली, "उरलेलं तुम्ही भरा ना." उष्टं आभाळ! वर्षानुवर्षं गिळलेलं वाक्य अखेर नणंदेच्या ओठांवर आलंच. "हे वहिनीचंच राहू दे. पुढचा किल्ला मी रंगवणार, बाबा. अख्खा."